मताआधीचा आकडा

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबरात होते, पण तिचे आकडे त्याआधी दीड-दोन वर्षं छापून यायला लागतात. पक्षाची उमेदवारी कुणाला मिळणार हे ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या प्रायमरी निवडणुका लांब असतात, कित्येकांनी उभं राहायचं की नाही हेही ठरवलेलं नसतं, आणि तरी कोण पुढे, कोण मागे याची यादी तयार असते. त्या यादीवर देणगीदार पैसे लावतात, पत्रकार बातम्या लावतात आणि उमेदवार स्वतःचं भवितव्य जोखतात. या आकड्याचं कूळ शोधत मागे गेलं की आपण १८२४ सालच्या विल्मिंग्टनमध्ये, डेलावेअर राज्यातल्या एका छोट्या शहरात पोचतो.

त्या वर्षी २४ जुलैला हॅरिसबर्गच्या ‘पेन्सिल्व्हेनियन’ या वृत्तपत्रात विल्मिंग्टनच्या नागरिकांचा कौल छापून आला. पक्ष न पाहता लोकांना विचारलं होतं, अध्यक्ष कोण हवा? अँड्र्यू जॅक्सन ३३५, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स १६९, हेन्री क्ले १९, विल्यम क्रॉफर्ड ९. अशा कौलांना पुढे स्ट्रॉ पोल नाव पडलं, कारण गवताची काडी हवेत सोडली की वारा कुठला ते कळतं.

हा कौल घ्यावासा का वाटला, हे त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या एका बैठकीतून कळतं. तोवर सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचा (हा आजच्या रिपब्लिकन पक्षाहून वेगळा, जुना पक्ष) अध्यक्षपदाचा उमेदवार काँग्रेसमधले त्याचे सदस्य बंद दाराआड बसून ठरवत. या बैठकीला ‘कॉकस’ म्हणत आणि तिच्यावर चिडलेले लोक तिला ‘किंग कॉकस’ म्हणत. १८२४ च्या बैठकीला बहुतेकांनी पाठ फिरवली. फक्त ६६ जण आले आणि ६४ मतांनी क्रॉफर्ड उमेदवार झाले. राजधानीतल्या खोलीत ज्यांना जवळजवळ सगळी मतं मिळाली, त्यांना विल्मिंग्टनमध्ये पाचशेहून अधिक लोकांतून नऊ मिळाली. त्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनासारख्या राज्यांत लष्करी कवायतींच्या मेळाव्यांतही असेच कौल घेतले गेले. जॅक्सनच्या समर्थकांना या संख्यांचा मोठा आधार होता. लोकांचं मन आणि खोलीतला निर्णय यांत किती अंतर आहे, ते त्या उघड दाखवत होत्या.

या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील पुढेच आहे. १८२४ मध्ये डेलावेअरच्या लोकांना अध्यक्षपदासाठी मतच नव्हतं. अध्यक्ष निवडणारे तिथले निर्वाचक राज्याचं विधिमंडळ नेमत असे. म्हणजे विल्मिंग्टनचा कौल ज्यांनी दिला त्यांना मत देण्याची ती एकच जागा होती. आणि विधिमंडळाने नेमलेल्या तीन निर्वाचकांनी काय केलं? दोन मतं क्रॉफर्डला, एक अ‍ॅडम्सला. ३३५ वाल्या जॅक्सनला एकही नाही. देशभरात लोकांची सर्वाधिक मतं जॅक्सनलाच पडली, पण निर्वाचकांच्या मतांत बहुमत कुणालाच नसल्याने निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि त्याने अ‍ॅडम्सना अध्यक्ष केलं. जॅक्सनना चार वर्षं थांबावं लागलं. कॉकस मात्र पुन्हा उमेदवार ठरवू शकला नाही.

म्हणून मी या आकड्याकडे निव्वळ भाकिताचं साधन म्हणून पाहत नाही. त्याचा जन्म तक्रारीतून झाला आहे. आम्हाला विचारा, असं म्हणणाऱ्या लोकांनी तो काढला.

कॉकसची जागा पक्षांच्या अधिवेशनांनी घेतली आणि बघता बघता अधिवेशनंही राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांच्या मुठीत गेली. ती मूठ सोडवायला विसाव्या शतकाच्या आरंभी प्रायमरी आली. विस्कॉन्सिनने १९०५ मध्ये अधिवेशनाचे प्रतिनिधी लोकांनी थेट निवडण्याचा कायदा केला, ऑरेगनने १९१० मध्ये मतदारांना अध्यक्षपदासाठीची पसंती नोंदवू दिली. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमरी जिंकल्या आणि उमेदवारी मिळाली ती अध्यक्षपदावर असलेल्या टाफ्ट यांना. दार किलकिलं झालं होतं, इतकंच.

मोजणीला शास्त्राची बैठक मिळाली ती आयोवातल्या जेफर्सन गावी १९०१ मध्ये जन्मलेल्या जॉर्ज गॅलप यांच्यामुळे. १९३६ ची गोष्ट सर्वपरिचित आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ने एक कोटी पत्रं पाठवली, तेवीस लाखांवर उत्तरं मिळवली आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं सांगितलं. गॅलप यांनी त्या मानाने मूठभर लोकांना, पण समाजाचं प्रमाण राखून विचारलं आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं नाव घेतलं. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र १९४० साल अधिक महत्त्वाचं आहे, कारण तेव्हा गॅलप पक्षांतर्गत स्पर्धा मोजत होते आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत पालटली.

मे १९४० च्या सुरुवातीला रिपब्लिकन मतदारांत टॉमस ड्यूई ६७ टक्क्यांवर होते. न्यूयॉर्कच्या गुंडटोळ्यांना तुरुंगात धाडणारे ३८ वर्षांचे सरकारी वकील म्हणून त्यांचं नाव घराघरांत पोचलं होतं. वेंडेल विल्की ३ टक्क्यांवर होते. ते एका वीज कंपनीचे प्रमुख. कधी निवडून आलेले नाहीत, आणि अगदी अलीकडेपर्यंत डेमोक्रॅट. १० मे रोजी जर्मन सैन्य हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्सवर चालून गेलं. जूनमध्ये पॅरिस पडलं. युरोप कोसळत असताना तरुण सरकारी वकील लोकांना अपुरा वाटू लागला आणि ब्रिटनला मदत करा असं स्पष्ट सांगणारा विल्की जवळचा वाटू लागला. फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाच्या तोंडावर विल्की २९ टक्क्यांवर पोचले होते. सहाव्या फेरीत त्यांची उमेदवारी पक्की झाली.

मे महिन्यातला तो आकडा चुकीचा होता का? मला तसं वाटत नाही. त्या दिवशी लोक खरोखर ड्यूईंनाच ओळखत होते. सुरुवातीची चाचणी मुख्यतः ओळख मोजते. फोनवर अचानक विचारलेल्या नावांपैकी जे कानावरून गेलेलं असतं ते माणूस सांगतो. निर्णय त्याने घेतलेला नसतो, कारण त्याच्यावर निर्णय घ्यायची वेळच आलेली नसते. २००७ चं जवळजवळ सबंध वर्ष रुडी जुलियानी रिपब्लिकनांच्या राष्ट्रीय चाचण्यांत आघाडीवर होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचे न्यूयॉर्कचे महापौर म्हणून त्यांना कोण ओळखत नव्हतं? प्रत्यक्ष मतदान सुरू झाल्यावर महिन्याभरात त्यांनी माघार घेतली. त्यांच्या पदरात एकही प्रतिनिधी पडला नव्हता. उलटंही घडतं. जो बायडन २०१९ भर डेमोक्रॅटिक चाचण्यांत पुढे होते, मग सुरुवातीच्या मतदानांत आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले, आणि तरी साउथ कॅरोलिनापासून सावरून उमेदवार झाले.

ओळख पैशानेही विकत घेता येते, आणि याचा एक दाखला मराठी माणसाचाच आहे. बेळगावहून अमेरिकेत गेलेले, ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मचरित्रामुळे आपल्याकडे माहीत असलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. स्वतःच्या पैशातून त्यांनी टीव्हीवर लवकर जाहिराती सुरू केल्या आणि वसंतातल्या काही चाचण्यांत ते प्रतिस्पर्धी ग्रेचेन व्हिटमर यांच्या तोडीस तोड दिसू लागले. ऑगस्टच्या मतदानात ते तिसरे आले. पुढे ते काँग्रेसवर निवडून गेले, ती वेगळी लढत.

अध्यक्षपदाच्या प्रायमरींना निर्णायक वजन आलं ते १९६८ नंतर. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर निदर्शकांवर लाठ्या चालत होत्या. त्या संतापातून नियम बदलले आणि प्रतिनिधी निवडण्याची प्रक्रिया खुली झाली. सर्वांत आधी होऊ लागलेल्या आयोवाच्या कॉकसचं महत्त्व याच बदलांतून वाढलं. नाव जुनंच, पण हे कॉकस गावोगावच्या शाळांत आणि सभागृहांत सामान्य मतदारांचे.

नव्या व्यवस्थेचं मर्म जिमी कार्टर यांनी इतरांच्या आधी ओळखलं. १९७५ च्या राष्ट्रीय चाचण्यांत जॉर्जियाच्या या माजी गव्हर्नरचं नाव तळाशी असे. त्या ऑक्टोबरात आयोवातल्या एम्समध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं मोठं जेवण होतं आणि तिथे कौल घेतला जाणार होता. कार्टर यांच्या माणसांनी आपले समर्थक तिथे हजर राहतील याची नीट व्यवस्था केली. कार्टर यांना २३ टक्के मिळाले, ते पहिले आले, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आयोवात कार्टर पुढे असल्याचं छापलं. जानेवारी १९७६ च्या कॉकसमध्ये कुणालाही बांधील नसलेले कार्टरपेक्षा जास्त होते, पण उमेदवारांत कार्टर पहिले. वर्षअखेरीस ते निवडून आलेले अध्यक्ष होते. विल्मिंग्टनमध्ये लोकांनी आकडा पुढाऱ्यांना दाखवला होता. एम्समध्ये उमेदवाराने तो घडवून लोकांना दाखवला.

ही युक्ती सगळ्यांनी उचलली. १९७९ पासून रिपब्लिकनांनी एम्समध्येच आपला स्ट्रॉ पोल भरवला. तो पक्षासाठी निधी जमवायचा मेळावा होता. मत द्यायला तिकीट लागे आणि उमेदवार समर्थकांची तिकिटं काढून त्यांना बसने आणत. २०११ मध्ये तिथे मिशेल बाकमन पहिल्या आल्या. मिनेसोटाचे माजी गव्हर्नर टिम पॉलेंटी तिसरे आले आणि दुसऱ्याच दिवशी शर्यतीतून बाहेर पडले. पाच महिन्यांनी खऱ्या कॉकसमध्ये बाकमन सहाव्या होत्या. दोन वेळा राज्य चालवलेल्या माणसाची उमेदवारी एका विकत घेतलेल्या दुपारमुळे संपावी, हे मला अन्यायाचं वाटतं. २०१५ मध्ये हा मेळावा बंद झाला.

पण त्याच वर्षी आकड्याच्या हाती त्याहून मोठा अधिकार आला. रिपब्लिकन स्पर्धेत सतरा उमेदवार होते. ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडला झालेल्या पहिल्या मुख्य वादसभेत फक्त दहांना जागा होती आणि ते दहा पाच राष्ट्रीय चाचण्यांच्या सरासरीवरून निवडले गेले. पक्षाच्या चार-पाचशे मतदारांना विचारलेल्या चाचणीत चार-पाच टक्के इकडेतिकडे होणं स्वाभाविक असतं. इथे एक-दोन टक्क्यांच्या फरकावर माणसं आत-बाहेर केली गेली. ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक शेवटच्या जागेवर आत आले. चौदा वर्षं टेक्सासचे गव्हर्नर राहिलेले रिक पेरी बाहेर राहिले आणि सप्टेंबरात त्यांनी शर्यत सोडली. तेव्हा कुठल्याही राज्यात एकही मत पडलं नव्हतं. त्या ऑक्टोबरात गॅलप संस्थेने जाहीर केलं की या वेळी प्रायमरीत कोण पुढे, कोण मागे याची मोजणी आम्ही करणार नाही. इतरांनी ती चालूच ठेवली.

२०२३ मध्ये मिलवॉकीच्या वादसभेसाठी रिपब्लिकन पक्षाने चाचण्यांत किमान एक टक्का आणि ४०,००० देणगीदार अशी अट घातली. नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी एक डॉलर देणाऱ्याला वीस डॉलरचं भेटकार्ड देऊन देणगीदारांची संख्या गाठली. काहींना अट पुरी करता आली नाही म्हणून ते मंचावर येऊ शकले नाहीत. डोनल्ड ट्रम्प चाचण्यांत इतके पुढे होते की त्यांनी यायचंच नाकारलं, आणि पक्षाच्या पुढच्या एकाही वादसभेला ते आले नाहीत.