शकुंतला, डिजिकॅम आणि व्हॉट्सॲप

जुना 'डिजिकॅम' सध्या परत फॅशनमध्ये आलाय. कपाटातून वडिलांचा चंदेरी कॅमेरा काढायचा, दोन पेन्सिल सेल घालायचे आणि मित्राच्या लग्नात मिरवायचा. 'सीसीडीची मजाच वेगळी' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. जपानच्या 'सिपा' या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बोलके आहेत. २०१० साली जगभरात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यातले बहुतेक कॉम्पॅक्ट. २०२३ साली कॉम्पॅक्ट उरले सतरा लाख. २०२४ मध्ये आकडा किंचित वर सरकला, तो या फॅशनवाल्यांमुळे असावा.

मग जुना कॅमेरा खरंच चांगला होता का? आधी आकडेमोड करून टाकू (सवय, दुसरं काय). २००५ च्या साध्या कॉम्पॅक्टमधला सेन्सर साधारण ५.८ x ४.३ मिलिमीटरचा, म्हणजे २५ चौरस मिमी. आजच्या महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर जवळपास ९.८ x ७.३, म्हणजे ७० च्या वर. फोन केवढासा दिसतो, पण आतली चकती तिप्पट मोठी! त्यात भिंगाचं तोंड एफ २.८ ऐवजी एफ १.८. एकूण हिशेब केला तर फोनला सातपट उजेड मिळतो. शिवाय २०१४ च्या आसपास गूगलने एचडीआर-प्लस आणलं आणि 'एक फोटो' ही भानगडच संपली. बटण दाबलं की फोन पटापट अनेक फोटो घेतो, एकावर एक जुळवतो आणि त्यातून एक बनवतो. कॉम्पॅक्टकडे काय होतं? खराखुरा ऑप्टिकल झूम, आणि झेनॉनचा फ्लॅश. बास.

कागदावर फोन जिंकला. पण पंधरा-वीस वर्षांनी कामाला कुठला फोटो येतो, हा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी आमच्या वऱ्हाडात यावं लागेल.

शकुंतला माहीत आहे ना? अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर जंक्शन, तिथून एक फाटा अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला. अडीच फुटी नॅरोगेज, दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या दिशेने न्यायला इंग्रजांच्या काळात टाकलेली, आणि स्वातंत्र्यानंतरही रूळ खासगी कंपनीच्या मालकीचे, गाडी चालवणार मध्य रेल्वे, असा अजब कारभार. १९९४ च्या एप्रिलपर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. वेग इतका की फाटक बंद करायला गाडीतलाच माणूस उतरायचा आणि मागाहून निवांत चढायचा. २०१० च्या दशकात ती थांबली ती थांबलीच.

आता गंमत बघा. वऱ्हाडात मध्यमवर्गीय घरांत डिजिकॅम आला २००३-०४ च्या सुमारास आणि २०१२ पर्यंत कपाटात गेला. शकुंतलेची नीट चालती शेवटची वर्षं नेमकी हीच. त्या काळातला फोन म्हणजे नोकिया ६६००, फोटो ६४० x ४८० चा. त्यात शकुंतला आणि बाजूची म्हैस यातला फरक कळायचा नाही.

माझ्या मामेभावाने २००६ साली अचलपूर स्टेशनात काढलेला एक फोटो आहे. मामा मागून ओरडत होता, "कायले फोटू काढू ऱ्हायला बे? उद्या काय बंद होऊन ऱ्हायली का गाडी?" चार मेगापिक्सेलचा कॅमेरा, २२७२ x १७०४. आकाश पांढरं फटक पडलंय, सावलीत ठिपकेच ठिपके. पण मोठा करून बघितला तर डब्यावरचा नंबर वाचता येतो. फाइलच्या पोटात एक्झिफची नोंद शाबूत आहे: तारीख, वेळ, शटर, भिंग कुठवर झूम केलं होतं, सगळं. त्यावरून इंजिन फलाटावर कुठे उभं होतं, याचा अंदाज बांधता येतो.

याच्या बाजूला दुसरी गाडी ठेवा. अकोला-खंडवा मीटरगेज, अकोटवरून मेळघाटात शिरणारी. धुळघाटाजवळ तिचा रूळ वेटोळं घालून स्वतःच्याच डोक्यावरून जायचा! गेज बदलासाठी २०१७ च्या सुरुवातीला ही गाडी बंद झाली. तोपर्यंत हातोहाती १३ मेगापिक्सेलचे फोन होते आणि सप्टेंबर २०१६ पासून जिओचा फुकट डेटा. शेवटच्या दिवसांचे फोटो निघाले भरपूर आणि सगळे लगेच व्हॉट्सॲपवर गेले.

आणि तिथेच घात झाला. व्हॉट्सॲप तेव्हा फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणायचं, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल, आणि एक्झिफ पुसून टाकायचं. एचडीची सोय आली २०२३ मध्ये. मूळ फोटो ज्या फोनमध्ये होते, ते फोन एक्स्चेंजमध्ये गेले. गूगल फोटोज चालू ठेवलेल्यांचे वाचले असतील. बाकी आपल्याकडे उरलं ते दहा ग्रुप फिरून आलेलं, तारीख नसलेलं, 'सुप्रभात' शेजारी पडलेलं चित्र. २००६ चा डब्बा कॅमेरा २०१६ च्या फोनपेक्षा दुप्पट तपशील देऊन गेला, आणि याचं श्रेय सीसीडीला नाही. श्रेय आहे कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याला. कार्ड भरलं की तो आहे तशी फाइल सीडीवर मारून द्यायचा, पाठवायची सोयच नव्हती ना!

आणखी एक, थोडं तांत्रिक. जुन्या कॉम्पॅक्टचं शटर यांत्रिक, अख्खी चौकट एकदमच झाकायचं. फोनचा सेन्सर ओळीमागून ओळ वाचतो. बडनेऱ्याजवळ धावत्या एक्स्प्रेसच्या खिडकीतून फोनने फोटो काढून बघा, विजेचे खांब पिऊन आल्यासारखे तिरपे! शकुंतलेच्या बाबतीत ही अडचण अर्थात आली नसती.

अमरावतीच्या घरी माळ्यावर अकरा सीड्या निघाल्या. नऊ सरळ उघडल्या, अचलपूरचा फोटो त्यातलाच. एकीचा वरचा पापुद्राच सुटलाय, ती गेली. अकरावीवर मार्करने 'चिखलदरा, अंबादेवी, शकुंतला २००८' असं लिहिलंय. ती ड्राइव्हमध्ये घातली की नुसती घरघरते. शुक्रवारी रात्रीपासून डीडी-रेस्क्यू लावून ठेवलंय. आत्ता ८१ टक्के.