शांतरसाचा प्रवास : काश्मीरचे काव्यशास्त्र आणि नेवासे येथील ज्ञानेश्वरी

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरातीरीचे नेवासे हे ज्ञानेश्वरीचे रचनास्थान म्हणून सर्वश्रुत आहे. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये, रामदेवराव यादवाच्या राजवटीत हा ग्रंथ सिद्ध झाला व सच्चिदानंदबाबांनी त्याचे लेखन केले. गीतेवरील भाष्य आणि वारकरी संप्रदायाचा आधारग्रंथ या दोन्ही नात्यांनी ज्ञानेश्वरीचा विपुल अभ्यास झाला आहे. परंतु आपल्या ग्रंथाच्या रसाविषयी ज्ञानेश्वरांनी स्वतः जी विधाने केली आहेत, ती केवळ आलंकारिक उद्गार म्हणून वाचली जाण्याचा संभव असतो. वस्तुतः या विधानांमागे जवळजवळ पाचशे वर्षे चाललेला एक शास्त्रीय वाद आहे. त्या वादाचा आणि नेवाशाचा संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शांतरसाचा वाद

भरताच्या नाट्यशास्त्रात मुळात आठ रस सांगितले आहेत. शांतरसाचा भाग त्याच्या काही पाठांतच आढळतो. नऊ रसांची स्पष्ट गणना उद्भटाच्या काव्यालंकारसारसंग्रहात मिळते. हा उद्भट आठव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीरचा राजा जयापीड याच्या सभेत होता. पुढे अवंतिवर्म्याच्या काळात (इ. स. ८५५–८८३) आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात एक महत्त्वाचे पाऊल उचलले. महाभारताचा मुख्य पुरुषार्थ मोक्ष आणि मुख्य रस शांत, असे त्याने प्रतिपादन केले. युद्धाची कथा सांगणाऱ्या ग्रंथाचा अंगी रस वीर नसून शांत आहे, हा विचार त्या काळी धाडसाचाच होता.

दहाव्या-अकराव्या शतकात होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने अभिनवभारतीत शांतरसाला सर्व रसांच्या मुळाशी नेऊन ठेवले. आत्मस्वरूपाचे ज्ञान हाच त्याचा स्थायी, असे त्याचे मत होते. हे मत सर्वमान्य झाले नाही. माळव्यात मुंजाच्या आश्रयाला असलेल्या धनंजयाने दशरूपकात नाट्यातील शांतरस नाकारला. सर्व व्यापार थांबले की अभिनय कशाचा करावयाचा, हा त्यातील खरा प्रश्न होता. मम्मटाने काव्यप्रकाशात आधी नाट्यातील आठ रस सांगितले आणि मग शांत हा नववा रस मान्य केला.

महाराष्ट्र आणि काश्मीर

या शास्त्रचर्चेपासून महाराष्ट्र दूर नव्हता. दंडीने महाराष्ट्राश्रित प्राकृताला श्रेष्ठ म्हटले आहे. हालाच्या गाथासप्तशतीतील गाथा ध्वनीची उदाहरणे म्हणून काश्मीरच्या शास्त्रकारांनी घेतल्या. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, परंपरेशी निगडित असलेल्या या प्राकृत काव्याने अशा रीतीने ध्वनिसिद्धांताला आधार पुरविला.

उलट दिशेच्या देवाणघेवाणीचा पुरावा देवगिरीत मिळतो. संगीतरत्नाकराचा कर्ता शार्ङ्गदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी होता. त्याचा आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला होता. शार्ङ्गदेवाने भरताच्या व्याख्याकारांत लोल्लट, उद्भट, शंकुक व अभिनवगुप्त यांची नावे घेतली असून नर्तनाध्यायात नऊ रसांचे विवेचन केले आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी सुमारे अर्धशतक, त्याच यादवांच्या राजधानीत, काश्मीरी रसचर्चा परिचित होती.

ज्ञानेश्वरीतील भूमिका

ज्ञानेश्वरीत आनंदवर्धन वा अभिनवगुप्त यांचा नामोल्लेख नाही. तेव्हा थेट ऋण सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. मात्र अंतर्गत पुरावा लक्षणीय आहे. पहिल्या अध्यायातील गणेशाच्या रूपकात काव्य-नाटकांना घागऱ्यांची उपमा देऊन त्यांच्या नादाला ‘अर्थध्वनी’ म्हटले आहे. दहाव्या अध्यायात देशी भाषेच्या सौंदर्याने शांतरस शृंगाराला जिंकतो असा आशय आहे, तर तेराव्यात शांताचे स्थान शृंगाराच्याही वर सांगितले आहे. अकराव्या अध्यायाच्या आरंभी शांताच्या घरी अद्भुत पाहुणा येतो आणि इतर रसांनाही पंक्तीचा मान मिळतो. घरातील लग्नकार्याच्या या चित्रात यजमान कोण आणि पाहुणा कोण हे स्पष्ट आहे. अंगी रस आणि अंगरस यांचा शास्त्रीय संबंधच येथे मराठी संसाराच्या भाषेत मांडला आहे.

गीता ही महाभारताचाच भाग असल्याने त्यावरील भाष्यात शांताला अंगी मानणे हे आनंदवर्धनाच्या मताशी पूर्णपणे जुळते. याखेरीज अमृतानुभवात शिवसूत्राचा नावानिशी निर्देश येतो. काश्मीरी शैवविचार ज्ञानेश्वरांना परिचित होता, याचा हा स्पष्ट दाखला आहे.

तथापि एक मूलभूत फरक ध्यानात घेतला पाहिजे. अभिनवगुप्ताचा सहृदय हा काव्याच्या अभ्यासाने मन संस्कारित झालेला रसिक आहे. ज्ञानेश्वरांचा श्रोता संस्कृत न जाणणाराही आहे. शांतरसाचा अधिकार शास्त्रज्ञापुरता न ठेवता देशी भाषेतून तो सर्वांना खुला करणे, ही ज्ञानेश्वरांची स्वतंत्र भर होय.

या वादाचा परिणाम

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हता, हे महानुभाव पंथातील एका घटनेवरून दिसते. भास्करभट्ट बोरीकरांनी चौदाव्या शतकाच्या प्रारंभी शिशुपाळवध लिहिला. तो काव्य म्हणून चांगला असला तरी शृंगारप्रधान असल्यामुळे निवृत्तांच्या योग्य नाही, असा अभिप्राय त्यांच्या गुरुबंधूंनी दिल्याचे सांप्रदायिक परंपरा सांगते. त्यानंतर त्यांनी उद्धवगीता रचली. मराठी काव्याने कोणत्या रसाला प्राधान्य द्यावे, यावर कवीच्या ग्रंथाचे ग्राह्यत्व ठरत होते.

निष्कर्ष

१. ज्ञानेश्वरीतील रसविषयक विधाने ही शांतरसाच्या वादातील एक निश्चित भूमिका आहे.

२. काश्मीरी रसविचार दख्खनमध्ये पोहोचल्याचा ऐतिहासिक दुवा शार्ङ्गदेवाच्या रूपाने उपलब्ध आहे.

३. शांतरसाला लोकभाषेत प्रतिष्ठा देऊन ज्ञानेश्वरांनी शास्त्राची कक्षा रुंदावली.

दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. या पार्श्वभूमीवर भाषेच्या प्राचीनतेबरोबरच तिच्यातील शास्त्रविचाराचीही नोंद होणे अगत्याचे आहे. संस्कृत आणि मराठी हे विषय महाविद्यालयांत स्वतंत्रपणे शिकविले जात असले, तरी नेवाशाच्या या ग्रंथाचा अभ्यास दोन्ही विभागांनी एकत्र करावयास हवा.