सुवर्णकाराची चोपडी : सुवर्णनियंत्रणापासून धनशोधन-प्रतिबंधापर्यंत

सुवर्णकाराचा व्यवसाय हा मूलतः विश्वासाचा व्यवसाय होय. गिऱ्हाईक आपला जुना डाग पेढीवर ठेवते, तो त्याच्या डोळ्यांदेखत मुशीत वितळतो, आणि त्या क्षणापासून ते सोने पूर्वी कोणाचे होते हे सांगणारी खूण सोन्यावर उरत नाही. ती उरते केवळ सुवर्णकाराच्या स्मरणात आणि त्याच्या चोपडीत. संत नरहरी सोनारांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजास या विश्वासाचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु गेल्या साठ वर्षांत या चोपडीचे स्वरूप कसे पालटले आणि त्या पालटाचा खर्च कोणाच्या पदरी पडला, हा इतिहास आपल्या तरुण पिढीस फारसा ठाऊक नाही. तो संक्षेपाने मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येतो, तो विकून हाती आलेल्या पैशातून लग्नसराईचे डाग घडविले जातात, आणि मृगाच्या तोंडावर बी-बियाण्याची नड पडली म्हणजे त्यांतलाच एखादा डाग मोडीस येतो. वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा या गावांतील लहान पेढ्यांचा व्यवहार या चक्राशी बांधलेला आहे. येथील गिऱ्हाईक म्हणजे बहुधा शेतकरी, शेतमजूर किंवा तांड्यावरील बाई. तिच्या मंगळसूत्राची वा बोरमाळेची पावती नसते, कारण तो डाग तिच्या सासूने अंगावर घातलेला असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील इतिहासाचे मर्म कळते.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशावर परकीय चलनाचे संकट होते, आणि चोरट्या मार्गाने येणाऱ्या सोन्याने त्यात भर पडत होती. तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रण जारी केले. चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. दागिन्यांव्यतिरिक्त असलेले सोने जाहीर करणे आले, व्यापाऱ्यास परवाना आला, नोंदवह्या आल्या. चौदा कॅरट म्हणजे शंभरांत जेमतेम अठ्ठावन्न भाग सोने. बावीस कॅरटाच्या डागाला सोने म्हणणारे आपले गिऱ्हाईक त्याकडे पाठ फिरविते झाले. देशभर कारागिरांच्या बागेसऱ्या विझल्या, मोर्चे निघाले, आत्महत्यांच्या दुःखद वार्ता येऊ लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस गिऱ्हाइकाच्या जुन्या सोन्यातून अधिक कसाचे दागिने पुन्हा घडविण्याची मुभा मिळाली, आणि १९६६ मध्ये चौदा कॅरटाचे बंधन उठले. नोंदवह्या मात्र उठल्या नाहीत.

१९६८ मध्ये सुवर्ण (नियंत्रण) कायदा झाला. त्यातील शंभरावे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. सोने घेण्यापूर्वी ते आणणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी, आणि पुढे चौकशीत तो मनुष्य सापडला नाही किंवा बनावट निघाला, तर सुवर्णकाराने योग्य ती काळजी घेतली नाही असे गृहीत धरावे, असा त्याचा आशय होता. १९६९ मध्ये हरकचंद रतनचंद बांठिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची चौकट मान्य केली, परंतु हे कलम व आणखी काही कलमे घटनाबाह्य ठरविली. दीर्घ चौकशी केल्यावाचून पार पडू शकणार नाही असे ओझे प्रामाणिक व्यापाऱ्यावर लादता येत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. सुवर्णकार हा सुवर्णकार आहे, गुप्त पोलीस नव्हे, हेच तत्त्व त्यातून सिद्ध झाले. तथापि नियंत्रण पुढेही चालूच राहिले. ते १९९० मध्ये, मधु दंडवते अर्थमंत्री असताना रद्द झाले. सत्तावीस वर्षांच्या या काळात चोरटी आयात थांबली नाही. हाल झाले ते मात्र उघड्यावर बसून काम करणाऱ्या कारागिराचे.

आता या कथेचा दुसरा अध्याय. गुन्ह्यातून मिळविलेला पैसा अनेक व्यवहारांतून फिरवून तो सरळ मार्गाने मिळविल्यासारखा दाखविणे, यास धनशोधन म्हणतात. आपण तेजाबात सोन्यातील हीण काढतो. येथे हीण तसेच राहते व फक्त ओळख पुसली जाते. मुशीत डागाची ओळख नाहीशी होत असल्यामुळे अशा लोकांना सोने सोयीचे वाटते, हे आपण नाकारू नये. १९८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या सात प्रमुख राष्ट्रांच्या परिषदेत याविरुद्ध एक आंतरराष्ट्रीय कृतिगट स्थापन झाला. २००३ मध्ये त्या गटाने आपल्या शिफारशींच्या कक्षेत मौल्यवान धातूंच्या व्यापाऱ्यांचे मोठे रोख व्यवहारही आणले. भारताचा धनशोधन प्रतिबंधक कायदा २००२ चा असून तो १ जुलै २००५ पासून लागू झाला, आणि २०१० मध्ये भारत त्या गटाचा सदस्य झाला.

आपल्या व्यवसायास त्याची थेट झळ लागली ती २३ ऑगस्ट २०१७ रोजी. वर्षाला दोन कोटी वा अधिक उलाढाल असणाऱ्या सराफांस त्या दिवशीच्या अधिसूचनेने या कायद्याच्या कक्षेत घेतले. ऐन दसरा-दिवाळीच्या तोंडावर पन्नास हजारांच्या खरेदीलाही कागदपत्रे मागण्याची पाळी आली. व्यापाऱ्यांनी एकमुखाने गाऱ्हाणे मांडले आणि ६ ऑक्टोबर २०१७ रोजी ती अधिसूचना मागे घेण्यात आली. २८ डिसेंबर २०२० रोजी नवी अधिसूचना निघाली, तिने मर्यादा निराळी ठेवली : एका गिऱ्हाइकाशी दहा लाख वा अधिक रुपयांचा रोख व्यवहार, मग तो एकदम होवो वा परस्परसंबद्ध हप्त्यांनी. अशा पेढीने जबाबदार अधिकारी नेमावा, गिऱ्हाइकाची ओळख नोंदवावी, संशयास्पद व्यवहार कळवावा, नोंदी पाच वर्षे जपाव्यात, असे दंडक आहेत. त्याआधीच, १ जानेवारी २०१६ पासून दोन लाखांवरील खरेदीस पॅन आवश्यक झाला, पॅन नसणाऱ्यासाठी साठ क्रमांकाचा अर्ज आला. आणि १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख वा अधिक रोख स्वीकारण्यासच मनाई झाली.

कोणी म्हणेल, आमच्या पेढीत दहा लाखांची रोकड येते कोठे? खरे आहे, जो दोन लाखांचा नियम पाळतो त्याच्यावर तो प्रसंग येऊच नये. परंतु आपण नियमात बसतो की नाही हे ठरविण्यासाठीही लिहिणारा माणूस लागतोच. समजा, हिशेबनिसाला वर्षाकाठी २४ हजार रुपये द्यावे लागतात. २४ कोटींची उलाढाल असणाऱ्या शहरी पेढीस हा खर्च शंभर रुपयांमागे एक पैसा पडेल. २४ लाखांच्या पेढीस शंभरामागे एक रुपया. शिवाय उलाढालीतील बहुतांश रक्कम सोन्याची असते. सुवर्णकाराच्या हाती उरते ती मजुरी. ती दहा टक्के धरली, तर या लहान पेढीच्या मिळकतीचा दहावा हिस्सा लिखापढीतच गेला. नियम दोघांस सारखा, ओझे मात्र शंभरपट.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. सोने मोजले जाते ग्रॅममध्ये, पण मर्यादा लिहिली जाते रुपयांत. २०१६ च्या आरंभी दहा ग्रॅमचा भाव सुमारे २५ ते २६ हजार होता. दोन लाखांत पंचाहत्तर ग्रॅमहून अधिक सोने येई. २०२५ मध्ये भावाने लाखाचा टप्पा ओलांडला आणि त्याच दोन लाखांत वीस ग्रॅमही येईनात. श्रीमंतासाठी आखलेली रेघ अशा रीतीने, कोणीही न हलविता, कापूस विकून मुलीचे लग्न करणाऱ्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत येऊन पोचली. आता त्याच्याकडे कागद मागावा तर तो दुखावतो आणि परततो. न मागावा तर दंड सुवर्णकारास.

तथापि कायद्याचा हेतू वाईट आहे असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. चोरीचा डाग अजाणता घेतल्याबद्दल आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजविल्या आहेत. ज्या चोपडीत नाव, गाव व वजन नीट लिहिलेले असते ती चोपडी अशा वेळी सुवर्णकाराचीच ढाल होते. मागणी नोंद नसावी अशी नसून, नोंदीचे ओझे पेढीच्या आकारमानाप्रमाणे असावे आणि रुपयांच्या मर्यादा भावाबरोबर वेळोवेळी तपासल्या जाव्यात, अशी असली पाहिजे. १९६३, १९६९ आणि २०१७ हे तिन्ही प्रसंग एकच गोष्ट शिकवितात : संघटितपणे मांडलेले गाऱ्हाणे शासनाने व न्यायालयानेही ऐकले आहे.

सोनारानेच कान टोचावे, असे लोक म्हणतात. म्हणून हे आपल्यातल्याच एकाने सांगितलेले बरे. तालुकावार चार-पाच पेढ्यांनी मिळून एक हिशेबनीस ठेवावा. समाजाच्या संस्थेने दिवाळीपूर्वी नियमांचे एक पान सोप्या मराठीत छापून प्रत्येक पेढीस द्यावे. व्यवसायात उतरणाऱ्या मुलामुलींस मूस आणि कसोटीबरोबर वहीही शिकवावी. आपल्या पूर्वजांनी कस राखला तो तराजूच्या काट्यावर. आपल्याला तो कागदावरही राखावा लागणार आहे. हा खर्च टळणार नाही, परंतु तो वाटून घेता येईल, आणि वाटून घेतला तर गावातली लहान पेढी टिकेल.