दुखवटा : शब्द आणि वस्त्र

जानेवारी 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांचा तारापूरचा किल्ला हल्ला करून घेतला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्यांच्या आईस पेशव्यांकडून सांत्वनपत्र गेले. वसईच्या मोहिमेच्या इतिहासात अशा पत्राकडे स्वामी-सेवक संबंधाचा पुरावा म्हणून पाहिले जाते. भाषेच्या अभ्यासकास मात्र निराळा प्रश्न पडतो : ज्याचे दुःख त्याच्याकडेच ते बाहेरून पाठवायचे म्हणजे काय? मराठीने या व्यवहाराला स्वतंत्र शब्द दिला आहे, तो म्हणजे ‘दुखवटा’.

आज शासन दुखवटा जाहीर करते आणि ध्वज अर्ध्यावर येतो. त्यामुळे दुखवटा म्हणजे शोक, असे आपण धरून चालतो. पेशवेकाळात ‘दुखवट्याची वस्त्रे’ पाठवीत. धन्याने मृताच्या घरच्यांस वस्त्रे देणे म्हणजे ते घर आपल्या आश्रयाखाली कायम आहे, अशी ग्वाहीच होती. शोक मनात असतो. दुखवटा हाती पडतो.

शब्दाची घडणही याच बाजूची साक्ष देते, असे मला वाटते. ‘दुःख’ आणि ‘पट्ट’, म्हणजे वस्त्र, यांतून तो सरळ सिद्ध होतो. स्वरांमधील ‘प’चा ‘व’ होणे प्राकृतात नित्याचे (दीप–दिवा), आणि जोड ‘ट्ट’मुळे ‘ट’ टिकला. एकेरी असता तर ‘कपाट–कवाड’प्रमाणे त्याचा ‘ड’ झाला असता. अर्थात ‘वटा’ हा ‘वर्त’पासूनही येऊ शकतो, ‘दीपवर्ती’ची ‘दिवटी’ झालीच आहे. ध्वनिनियम येथे एकट्याने निकाल देत नाहीत. निकाल रूढीने द्यायचा, आणि रूढी वस्त्राची आहे.

इंग्रजीतील ‘वीड्झ’ची वाटचाल याच्या उलट झाली. प्राचीन इंग्रजीत तो कोणत्याही वस्त्राचा वाचक होता. पुढे संकोच पावून तो मुख्यत्वे विधवेच्या शोकवस्त्रांपुरता उरला. तेथे सर्व वस्त्रांतून शोकाचे तेवढे राहिले. मराठीत शोकवस्त्राचा शब्द विस्तारला आणि वस्त्रच गळून पडले.

निदान प्रमाणभाषेत तरी. खेड्यापाड्यांत आजही सोयरे टॉवेल-टोपी, लुगडे घेऊन दारी येतात आणि त्या आणलेल्या कापडालाच दुखवटा म्हणतात. शब्दकोश उघडण्याआधी त्या दारात थोडा वेळ उभे राहावे.