‘प्रति’चे ‘पत्री’ कसे झाले?

१/ मे २०२५मधील भारत-पाकिस्तान संघर्षात व्हिडिओ गेममधील दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून हातोहात फिरली. त्यांच्या जोडीला मीम्सचाही पूर आला. साधन नवे असले, तरी रीत जुनी आहे. युद्धकाळात बातमी अपुरी पडली की लोक उरलेली गोष्ट स्वतः पूर्ण करतात. महाराष्ट्रातील अशी एक गोष्ट एकाच शब्दात सामावली आहे : पत्री सरकार.

२/ दुसरे महायुद्ध चालू होते आणि वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते. सप्टेंबर १९४२मध्ये वडूज व इस्लामपूर येथील मोर्चांवर पोलिसांनी गोळीबार केला. पुढे १९४३मध्ये तत्कालीन सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगलीचा मोठा भाग त्यातच होता) भूमिगतांनी समांतर शासन उभारले. नेते क्रांतिसिंह नाना पाटील. नाव ‘प्रति सरकार’.

३/ ‘प्रति’ हा पुस्तकी शब्द. शेतकऱ्याच्या ओळखीची होती ती पत्री, बैलाच्या खुराला ठोकतात ती. फितुरांना आणि दरोडेखोरांना तळपायांवर फटके देण्याची शिक्षा होत असे. ध्वनी आणि शिक्षा यांची सांगड लोकांनी घातली : हे सरकार माणसाच्या पायाला पत्री ठोकते!

४/ मीमची सारी लक्षणे येथे आहेत. मजकूर आटोपशीर, चित्र ठसठशीत, कर्ता अज्ञात. छापखाना जप्त करता येतो. तोंडी फिरणारा शब्द जप्त करता येत नाही. पोलीस ठाण्याकडे निघालेल्या खबऱ्याची पावले अडखळावीत, एवढा धाक त्या शब्दात होता.

५/ मात्र या धाकाची किंमतही होती. गावोगावची न्यायदान मंडळे, दारूबंदी, अल्प खर्चातील ‘गांधी विवाह’ ही प्रति सरकारची विधायक कामे त्या एका चित्रामागे झाकोळली. चळवळीला गुंडगिरी ठरवू पाहणाऱ्यांनाही तेच चित्र सोयीचे होते.

६/ म्हणून ‘पत्री खरोखर ठोकत होते का?’ एवढ्यावर अभ्यासकाने थांबू नये. लोककथा हा घटनेचा पुरावा नसला, तरी तो मनाचा पुरावा असतो. कोणाला कशाचे भय होते आणि न्याय कोठून मिळेल अशी आशा होती, हे तिच्यातून कळते.

७/ १९४६मध्ये नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले. प्रति सरकार संपले; लोकांनी दिलेले नाव मात्र टिकले. आजच्या मीम्सचा इतिहास लिहिणाऱ्यालाही हेच दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतील : काय घडले, आणि लोकांना काय घडलेले हवे होते?