कुंडलिकेच्या मुखाशी

यंदा आपल्या मंडळाची सहल रेवदंड्यास गेली होती. ज्यांना घरच्या अडचणींमुळे येता आले नाही, त्यांना त्या गावची हकिकत कळावी म्हणून हा लेख लिहीत आहे.

रेवदंडा अलिबागच्या दक्षिणेस आहे. येथे कुंडलिका नदी समुद्रास मिळते. पैलतीरावर कोर्लईचा डोंगर थेट समुद्रात शिरला आहे. त्याच्या आडोशाने अलीकडची पुळण शांत असते. सुरूची झाडे, काळसर वाळू आणि संथ लाटा पाहून जीव निवतो. मात्र नदीच्या मुखाजवळ ओहोटीला पाण्याची ओढ मोठी असते. म्हणून आम्ही मुलांना तिकडे फिरकू दिले नाही.

हा निवारा पूर्वी गलबतांच्या फार मोलाचा होता. त्यामुळेच शेजारचे चौल प्राचीन काळापासून नामांकित बंदर झाले. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत त्याचे नाव ‘चेमुल’ असे आढळते. 1469 च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन येथे उतरला. वास्को द गामा येण्यापूर्वीची ही गोष्ट! येथले लोक केसांची एकच वेणी घालतात, हेही त्याने टिपून ठेवले आहे. परक्या पाहुण्याचे लक्ष कोठे जाईल ते सांगवत नाही, असे म्हणून आम्ही सगळ्याजणी हसलो.

पुढे पोर्तुगीज आले. 1508 मध्ये याच मुखाशी त्यांची इजिप्तच्या आरमाराशी लढाई झाली आणि तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. 1521 मध्ये निजामशाहीच्या परवानगीने त्यांनी रेवदंड्यास कोट बांधावयास घेतला. 1570-71 मध्ये त्याच निजामशाहीने त्याला वेढा घातला, पण कोट पडला नाही. 1594 मध्ये कोर्लईचा किल्लाही पोर्तुगिजांनी घेतला. अखेर चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली आणि 1740 मध्ये रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले.

आज कोटाच्या पडक्या भिंतींत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. सातखणी बुरुजाचे काही मजले तेवढे उभे आहेत. चौलचे रेशीम एके काळी फार प्रसिद्ध होते, पण सतराव्या शतकात मुंबई वाढू लागली तसे येथले विणकर तिकडे गेले. व्यापारही त्यांच्यामागून गेला.

कोट पडला, व्यापार गेला, पण एक गोष्ट उरली. साळावचा पूल ओलांडून आम्ही कोर्लईस गेलो. तेथील ख्रिस्ती वस्तीत एक वेगळीच बोली कानी पडते. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण आपल्या मराठीसारखी. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. 1740 मध्ये पोर्तुगीज निघून गेले, तरी ही बोली टिकली. तिला ना शाळा, ना राजाश्रय. 1996 साली एका अमेरिकन अभ्यासकाने तिच्यावर पुस्तक लिहिले, पण त्याआधीची अडीचशे वर्षे ती केवळ घराघरांत जगली. मला वाटते, ती चुलीपाशी आणि पाळण्यापाशी टिकली, म्हणजे मुख्यतः बायकांनी टिकवली.

तेथील एका बाईंना मी विचारले, “घरी कोणती भाषा बोलता हो?” त्या म्हणाल्या, “आमचीच. पण पोरं शाळेत मराठी शिकतात, आता इंग्रजीही आली. मी आमच्या भाषेत हाक मारते, नातू मराठीत ओ देतो.” त्या हसून बोलल्या, पण मला ते बोलणे लागले. ही बोली बोलणारी माणसे आता सुमारे हजारच उरली आहेत.

इतिहासात लढाया आणि तह यांचीच नोंद फार. आईच्या तोंडच्या शब्दांची नोंद कोण ठेवणार? आपल्यातही कोणी कोकणातून, कोणी खानदेशातून, कोणी वऱ्हाडातून आलेल्या आहेत. सासरी येताना पुष्कळ शब्द आपण माहेरीच ठेवून आलो. माझी एक सूचना आहे. पुढील स्मरणिकेत प्रत्येकीने आपल्या आजीच्या तोंडचे दहा शब्द अर्थासह लिहून द्यावेत. त्यासाठी दोन पाने राखून ठेवावीत, अशी संपादिकाबाईंना विनंती आहे.