मोटारीच्या रंगाची कुळकथा

मोटारीचा इतिहास सांगणारे बहुधा इंजिनापासून सुरुवात करतात. रंगाकडे सहसा कोणी वळत नाही. पण श्रोतेहो, एक काळ असा होता, की मोटार तयार होण्याचे घोडे रंगापाशीच पेंड खात असे.

पहिल्या मोटारी म्हणजे घोड्यांवाचूनच्या बग्ग्याच. त्या रंगवणारे हातही बग्ग्या रंगवणारेच. रंग खलायचा तो जवसाच्या तेलात. आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला जवस काही नवे नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून जवसाचे बी जहाजे भरभरून विलायतेला जाई, आणि तिकडच्या रंग-वार्निशाच्या धंद्यात त्याचे तेल खपे. हे तेल वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही बरं का. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते, आणि त्याला त्याचा वेळ द्यावाच लागतो. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासून गुळगुळीत करायचा, मग पुन्हा दुसरा हात. असे कितीतरी हात झाले, की वर वार्निश. उत्तम गाडीला यात महिनाही लोटे. झिलई मात्र अशी यायची, की त्यात तोंड पाहून घ्यावे!

या झिलईची किंमत कारागीर देत असे. रंगात शिशाचा सफेता असायचा. वाळलेला हात कोरडाच घासला, की त्याची धूळ नाकातोंडात जाई. मग पोटात कळा येत, हिरड्यांवर निळसर रेघ उठे, आणि पुढे पुढे मनगट लुळे पडे. ज्या हाताने रंगवायचे तोच हात निकामी! १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने सफेत्याला आळा घालणारा करार केला खरा, पण त्यातली बंदी इमारतींच्या आतल्या रंगकामापुरती. गाड्यांचे रंगकाम त्या बंदीत आले नाही.

फोर्डची मॉडेल टी १९०८ साली निघाली. ती आरंभापासून काळी होती असा पुष्कळांचा समज आहे, तो खरा नाही. पहिल्या काही वर्षांत ती इतर रंगांतही मिळे. १९१३ मध्ये सरकत्या साखळीवर जुळणी सुरू झाली, आणि सांगाडा जुळवायला बारा तासांहून जास्त लागत ते काम पुढच्या वर्षी दीड तासावर आले. मग १९१४ पासून सुमारे १९२५ पर्यंत फक्त काळा. हे काळे रोगण डांबराच्या जातीचे, स्वस्त आणि टिकाऊ. पुष्कळसे भाग त्यात बुडवून भट्टीत भाजून काढता येत. इतर रंगांच्या गाड्या काढणारे कारखानदार मात्र गाड्या वाळण्याची वाट पाहत बसत, आणि तेवढ्या गाड्या ठेवायला छपरे बांधत.

ही कोंडी फोडली कापसाने! कापसावर नत्राम्लाची क्रिया केली, की त्यापासून बिनधुराची दारू होते. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले आणि ही दारू करणाऱ्या अमेरिकेतल्या कारखान्यांपुढे प्रश्न पडला, आता पुढे काय? या कापसाचे रोगण पूर्वीही होत असे, पण ते फार चिकट. पातळ करावे तर एका हातात रंगाचा थर नाममात्रच बसे. ड्यू पाँट कंपनीच्या रसायनज्ञांनी ते दाट असूनही पिचकारीने उडवता येईल असे केले. १९२३ साली ‘ड्यूको’ या नावाने ते बाजारात आले, आणि १९२४ च्या हंगामातल्या निळ्या ओकलंड गाड्यांवर चढले. आठवड्यांचे काम तासांवर आले.

मग जनरल मोटर्सने रंगालाच विक्रीचे हत्यार केले. दरसाल नवे रूप, नवे रंग. काल घेतलेली गाडी धडधाकट असूनही जुनी दिसू लागावी, ही युक्ती मला तरी इंजिनाच्या शोधाइतकीच परिणामकारक वाटते!

ड्यूकोला आपोआप चकाकी येत नसे. ती घासून आणावी लागे. पॉलिश आणि मेण यांचा धंदा त्यामुळे फोफावला. यातले नामांकित मेण ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरून खरवडून काढतात. पुढे १९३० नंतर न घासताच चकाकणारी इनॅमले आली.

आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट-पद्मिनी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी होऊन धावल्या, त्या २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. अशा जुन्या गाडीवर उन्हाने खडूसारखी पूड धरे, आणि पुसले की फडक्याला गाडीचाच रंग लागे. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक बिनरंगी थर असतो. फडके स्वच्छ राहते, म्हणून झीज कळत नाही. हा थर जेमतेम ४०-५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. घासण्याच्या लेपाने दर वेळी त्यातलाच काही जातो. तेव्हा लेप क्वचित, मेण अधूनमधून, आणि पाणी भरपूर. धुळीने माखलेली गाडी कोरड्या फडक्याने झटकू नये. फडक्यात अडकलेली माती कानशीसारखी चालते. सावलीत, वरून खाली पाणी सोडावे. पाखरांची घाण तिथल्या तिथे भिजवून काढावी, उन्हात ती थरात उतरते.

राहिला सफेता. शिशाच्या रंगांवर आपल्या देशात २०१६ साली नियम झाले, ते घरगुती व शोभेच्या रंगांचे. ट्रॅक्टरच्या, ट्रॉलीच्या जुन्या रंगात, विशेषतः पिवळ्या-नारिंगीत, शिसे असू शकते. नव्याने रंगवण्याआधी तो घासायचा असेल तर पाणी मारून ओलाच घासावा, तोंडाला धुळीचा चांगला मास्क बांधावा, दिवटीने जाळून काढू नये, पोरांना लांब ठेवावे. आणि निघालेला लगदा गोठ्याकडे किंवा विहिरीकडे वाहू देऊ नये.